रिव्हॉल्व्हर, ओतीव शिसं आणि एक भेकर

ज्यांना लोकलच्या गर्दीत खिशातून इअरफोन काढायलाही जमत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. माझे "अं... अं..." आणि मागून आलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच आहे.

तर झालं असं. गावाहून चुलत भावाने व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक माणूस. हातात लांब नळीचं रिव्हॉल्व्हर, समोर चाळीसेक पावलांवर हरीण. गोळीसुद्धा त्याने स्वतः ओतलेली, घरामागच्या शेडमध्ये शिसं वितळवून. एक बार होतो, हरीण थोडं पळतं आणि कोसळतं. खाली भावाचा मेसेज : "दादा, ह्या आपल्याक कित्या जमना नाय?" म्हणजे, हे आपल्याला का जमत नाही?

आमचं गाव सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात. भात तयार झालं की रात्री रानडुकरं शेतात उतरतात आणि वर्षभराची मेहनत तुडवून जातात. घरात आजोबांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. म्हणजे भावाचा प्रश्न टाइमपास नव्हता. मी मालाडमध्ये बसून कोड लिहितो, डुकरं त्याच्या शेतात येतात. म्हणून "वेडा आहेस का" असं न म्हणता नीट उत्तर द्यायचं ठरवलं. ते उत्तर म्हणजे आजचा एपिसोड.

आधी गणित

बारावीचं फिजिक्स आठवा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग.

अमेरिकेत हरणासाठी वापरतात त्यातलं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर म्हणजे पॉइंट ४४ मॅग्नम. गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. ऊर्जा येते सुमारे १,२४० ज्यूल. आता जुनी पॉइंट ३०३ रायफल घ्या. गोळी याहून हलकी, अकरा-साडेअकरा ग्रॅमची, पण वेग साडेसातशेच्या जवळ. ऊर्जा ३,००० ज्यूलच्या वर. म्हणजे हे एवढं दांडगं रिव्हॉल्व्हरसुद्धा रायफलच्या निम्म्यालाही पोचत नाही.

मग हरीण पडतं कसं? भोकामुळे. वेगवान रायफलची गोळी आत शिरताना फुलते आणि आजूबाजूचंही बरंच फाडते. रिव्हॉल्व्हरची गोळी त्या मानाने संथ. ती समोर येईल तेवढंच चिरडत सरळ आरपार जाते. भोक हृदयातून किंवा दोन्ही फुप्फुसांतून गेलं तर रक्तदाब कोसळतो आणि जनावर पडतं. तेही जागच्या जागी नाही. अगदी अचूक लागलेलं हरीणसुद्धा पन्नास-शंभर मीटर पळू शकतं. आणि चार इंच मागे, पोटात लागली तर? तर ते तासन् तास मरत राहतं, बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या नजरेआड.

म्हणूनच तो माणूस चाळीस पावलांपर्यंत गेला होता. शौर्य म्हणून नाही, त्याच्याकडे दुसरा इलाजच नव्हता. आखूड नळी, खांद्याला टेकवायला दस्ता नाही, हात किंचित हलला तरी गोळी भलतीकडे. या प्रकारात खरं कौशल्य जवळ जाण्यात आहे. आणि खात्री नसेल तर बार न काढता परत येण्यात.

ओतीव गोळीचं काय?

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, गॅसच्या शेगडीवरसुद्धा. त्यामुळे साच्यात गोळी ओतणं ही शेकडो वर्षांची घरगुती कला आहे. अडचण अशी की शुद्ध शिसं फार मऊ. नळीतून जोरात गेलं की आतल्या आट्यांना चिकटतं आणि नेम बिघडतो. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात. पण फार कडक केलं तर ठिसूळ होतं, हाडावर आपटून तुकडे होतात. कारखान्यातल्या गोळ्यांवर तांब्याचं वेष्टण असतं, ते याच भानगडी टाळायला.

कडक ओतीव गोळी शरीरात फारशी फुलत नाही, मग तिचं टोकच चपटं ठेवायचं. हा चपट्या टोकाचा आकार लोकप्रिय केला आयडाहो राज्यातल्या एल्मर कीथ नावाच्या माणसाने. गुरं राखणारा, शिकारी आणि मासिकांत लिहिणारा. पॉइंट ४४ मॅग्नम १९५५ मध्ये आलं, त्यामागेही त्याचाच अनेक वर्षांचा आग्रह होता. सपाट टोक मोठं भोक पाडतं, गोळी आरपार गेली की दोन्ही बाजूंनी रक्त येतं आणि माग काढता येतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, आजोबांच्या गोष्टीत लागेल.

आपल्याकडे काय मिळतं?

समजा उद्या भावाला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. सामान्य माणसाला आपल्याकडे मिळतं ते बहुतेक पॉइंट ३२, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. गोळी सव्वासहा ग्रॅमची, वेग सव्वादोनशे मीटर. गणित करा : जेमतेम १६० ज्यूल. त्या व्हिडिओतल्याच्या आठवा हिस्सा. त्याने हरीण मरणार नाही असं नाही. पण मरण्याआधी ते जखमी होऊन दूर निघून जाण्याचीच शक्यता जास्त.

आणि ठासणीच्या बंदुकीतून निघतो तो शिशाचा गोल गोळा. नळीला आत आटे नाहीत, त्यामुळे गोळा स्वतःभोवती फिरत नाही आणि अंतर वाढलं की भरकटतो. पुन्हा दारू ठासून दुसरा बार भरेपर्यंत जनावर पार पलीकडच्या डोंगरात. गावात ज्यांनी ही बंदूक चालवली आहे त्यांना हे सगळं माझ्या गणिताशिवाय माहीत आहे.

कायदा

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, "अरे, सलमान!" बरोबर. हरीण आणि रिव्हॉल्व्हर हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला तीच केस आठवते. ऑक्टोबर १९९८, 'हम साथ साथ हैं'चं शूटिंग, जोधपूरजवळचं कांकाणी गाव. परवान्याची मुदत संपलेली पॉइंट २२ रायफल आणि पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर बाळगल्याचा आणि वापरल्याचा वेगळा खटला होता. त्यात जानेवारी २०१७ मध्ये त्याची निर्दोष सुटका झाली. दोन काळविटांच्या शिकारीच्या खटल्यात मात्र ५ एप्रिल २०१८ ला कोर्टाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली. दोन दिवसांनी जामीन मिळाला आणि शिक्षेविरुद्ध त्याने अपील केलं.

यातून आपण काय घ्यायचं? ती केस वीस वर्षं जिवंत राहिली, कारण गावातल्या बिश्नोई लोकांनी ती सोडली नाही. आणि कायदा बघतो तो शिकार झाली का हे. हत्यार कोणतं होतं हा पुढचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांच्या शिकारीला लायसन्स मिळायचं. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. आज चितळ, सांबर, भेकर यांतलं काहीही मारलं तरी गुन्हा, गोळीने मारा नाहीतर फाशाने. राष्ट्रीय उद्यानाच्या आत शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद.

भावासाठी महत्त्वाचं : शेतीसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना आहे, जनावर मारायचा नाही. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याकडे वेगळी परवानगी मागता येते, नुकसानभरपाईचाही अर्ज करता येतो. कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, मान्य. यंदाचा अर्ज मी इथून भरून देतोय. पण हरणासाठी असा अर्ज घेऊन जायचा विचारही करू नकोस, असं त्याला स्पष्ट सांगितलं.

व्हिडिओत जे दिसत नाही

तो अमेरिकन माणूस कायदा मोडत नव्हता. पण व्हिडिओत दिसतात ते शेवटचे दहा सेकंद. त्याआधी त्याने लायसन्स काढलेलं असतं, ठरलेला हंगाम असतो, किती हरणं मारायची याचा आकडा राज्य सरकार ठरवतं आणि मारलेल्या हरणाची नोंद करावी लागते. तिथे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे. १९३७ पासून तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी जातो. पटो न पटो, हिशेब आहे.

आणि त्या हिशेबातही शिसं राहून गेलं होतं. मेलेल्या जनावरात राहिलेले शिशाचे कण गिधाडं खातात आणि विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाचं काँडॉर गिधाड १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरलं होतं. त्यांना पिंजऱ्यात वाढवून परत सोडलं, तरी ती शिशाने मरत राहिली. शेवटी १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाने शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या. आपली गिधाडं डायक्लोफिनॅकने गेली, ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद झालं. जी थोडी उरलीत त्यांच्या ताटात आपण शिसं वाढायचं का?

आता मालाडकडे या. पूर्वेला कुरार, आप्पा पाडा संपलं की लगेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. १०४ चौरस किलोमीटर जंगल, चहूबाजूंनी शहर. आत चितळ आहेत, सांबर आहेत, भेकरं आहेत, आणि त्यांच्यावर जगणारे बिबटे. इथे रिव्हॉल्व्हर लागतच नाही. तारेचा एक फासा पुरतो. आवाज नाही, नोंद नाही. फाशात चितळ अडकलं की बिबट्या, हे त्या फाशाला कळत नाही. आणि जंगलात हरीण कमी झालं की बिबट्या भटक्या कुत्र्यांच्या मागे वस्तीकडे येतो. मग आपणच सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचं फुटेज फॉरवर्ड करतो.

आजोबांचं भेकर

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पण आजोबांनी मारलेलंच ना?"

हो. मारलं होतं. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. मासे पकडायच्या पागाला लावतात ती शिसं वितळवून त्यांनी गोळा ओतला होता. चांदण्या रात्री काजूच्या बागेत भेकर आलं, त्यांनी बार काढला. भेकर ओरडलं आणि झाडीत गेलं. रक्त थोडंच सांडलं होतं, पुढे माग तुटला. दोन दिवस ते आणि घरचा कुत्रा शोधत होते. तिसऱ्या दिवशी व्हाळाच्या कडेला सापडलं, पाण्याकडे तोंड करून मेलेलं. मांस खायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. कावळ्यांनी डोळे खाल्ले होते.

आजोबा ही गोष्ट बढाई म्हणून कधीच सांगायचे नाहीत. कायद्याने तो गुन्हा होता हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांना बोचायचं ते वेगळंच. म्हणायचे, "दोन दिवस ता जीवत होता, आणि माका ठावक नव्हता खय." त्यानंतर त्यांनी बंदूक वापरली ती फक्त मोकळ्या बारासाठी. गोळा न घालता नुसती दारू उडवायची, आवाजाने डुकरं पळायची.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माका ह्या कोणी सांगूक नाय."

मलाही वाटलं, सांगायला हवं होतं. घरात बंदूक राहिली, गोष्ट मात्र अर्धीच पुढे आली. म्हणून ती आज पूर्ण रेकॉर्ड केली.

तुमच्याही घरात अशी भिंतीवर टांगलेली बंदूक किंवा दिवाणखान्यात सांबराची शिंगं असतील, तर घरातल्या मोठ्यांना त्यामागची गोष्ट विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. नावं न घेता ऐकवू. पुढच्या एपिसोडमध्ये भरपाईचा अर्ज कसा भरायचा ते एकेक पायरीने सांगतो, माझ्या भावासारखे बरेच जण ऐकत असतील. भेटू मग. काळजी घ्या.