सावळजच्या मंडपातली लोखंडी खुर्ची थेट मँचेस्टरच्या हॉटेलबाहेर कशी काय?

सप्टेंबर २०२१. भारताचा संघ कसोटी मालिकेसाठी इंग्लंडमध्ये होता आणि क्रीडा पत्रकार सुनंदन लेलेही तिकडेच होते. मँचेस्टरजवळच्या अल्ट्रिंचममध्ये फिरताना त्यांना एका रेस्टॉरंटबाहेर मांडलेली लोखंडी फोल्डिंग खुर्ची दिसली. खुर्चीच्या पाठीवर चक्क मराठीत एक नाव रंगवलेलं होतं, आणि सोबत गावाचं नाव : सावळज.

लेलेंनी व्हिडिओ टाकला आणि तो दिवसभरात महाराष्ट्रभर फिरला.

सावळज हे सांगली जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातलं गाव. शेजारीच कवठे महांकाळ तालुका. दोन्हीकडे द्राक्षबागा आणि दोन्हीकडे पाण्याची ओढाताण. खुर्चीवरचं नाव होतं सावळजच्या एका मंडपवाल्याचं. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यावर त्यांनी जुन्या लोखंडी खुर्च्या भंगारात काढल्या होत्या, तीच ही.

मीम्स झाले, हसून झालं. पण आपण भंगारात घातलेली खुर्ची तिकडच्या हॉटेलवाल्याने पैसे मोजून का घेतली असेल?

कारण ती खुर्ची त्यांच्या ओळखीची आहे. घडी घालता येणारी लोखंडी खुर्ची म्हणजे युरोपातल्या फुटपाथवरच्या कॅफेची जुनी खूण. फ्रान्समध्ये १८८९ साली ‘सिम्प्लेक्स’ नावाच्या अशा खुर्चीचं पेटंट घेतलं गेलं. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि मधल्या खिळीवर कात्रीसारखे मिटणारे पाय. सकाळी मांडायची, रात्री मिटून आत घ्यायची. फर्मोब ही कंपनी आजही ‘बिस्त्रो’ नावाने तिचाच अवतार विकते.

पुढे १९३४ मध्ये झेव्हियर पोशार या फ्रेंच कारागिराने पत्र्याची ‘मॉडेल ए’ खुर्ची काढली. तिला जस्ताचा मुलामा, म्हणजे आपल्या पाण्याच्या बादलीला असतो तोच. पाऊस पडला तरी गंज धरत नाही. बैठकीला भोकं, म्हणजे पाणी साचत नाही. शिवाय एकात एक रचता येते. मुंबई-पुण्यातल्या कॅफेंमध्ये रंगीबेरंगी पत्र्याच्या ज्या खुर्च्या दिसतात, त्या बहुतेक हिच्याच नकला. स्वित्झर्लंडमध्ये हान्स कोरे याने १९३९ च्या झुरिक प्रदर्शनासाठी भोकाभोकांची ॲल्युमिनियमची ‘लँडी’ केली. वजन जेमतेम तीन किलो.

या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच होता. उन्हापावसात टिकेल, कमी जागेत मावेल आणि उचलायला सोपी जाईल अशी खुर्ची कशी करायची? गावच्या मंडपवाल्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. आज एका गावात लग्न, उद्या दुसरीकडे बारसं, परवा यात्रा. शंभर-दोनशे खुर्च्या ट्रॉलीत चढवायच्या, उतरवायच्या, मोजून परत आणायच्या. दोन मंडपवाल्यांचा माल एका कार्यात आला की सरमिसळ ठरलेली, म्हणून पाठीवर नाव-गाव रंगवायचं. ती काही सही नव्हती, हरवू नये म्हणून केलेली सोय होती. तिने किती लांबून पत्ता सांगितला!

आणि लोखंड या भागाला मानवणारंही होतं. गंजाला ओल लागते, खारी हवा असेल तर तो आणखी झपाट्याने चढतो. त्यामुळे कोकणात लोखंडी खुर्ची उघड्यावर ठेवायची म्हणजे जिवावर येतं. तासगाव-कवठे महांकाळच्या कोरड्या हवेत तीच खुर्ची वर्षानुवर्षं टिकते. पाय वाकला तर गावातला वेल्डर सरळ करून देतो.

मग ती हरली कुणापुढे? आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एकसंध प्लास्टिक खुर्चीपुढे. १९७२ मध्ये हेन्री मासोने या फ्रेंच माणसाने ‘फोतोय ३००’ ही खुर्ची आणली. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवायचे, साच्यात दाबाने भरायचे आणि दोन मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची बाहेर. ना जोड, ना खिळा. आपल्याकडे नीलकमल, सुप्रीमसारख्या कंपन्यांनी ती घराघरात नेली. एका माणसाने रचलेली चळत उचलायची आणि चालू पडायचं. मंडपवाल्याच्या हिशेबात इथेच निकाल लागला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पाठीची कळ त्याला माहीत असते.

पण प्लास्टिकचा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी रंग विटतो, पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो, आणि एक दिवस पाहुण्यासकट पाय फाकतात. तुटलेला पाय नीट जोडून मिळत नाही. दिसण्याचं म्हणाल तर स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने २००८ ते २०१७ या काळात सार्वजनिक जागेत ही खुर्ची मांडायलाच बंदी घातली होती. मजा म्हणजे बंदी उठली त्याच वर्षी तिथल्या सीमेलगतच्या विट्रा डिझाइन म्युझियमने याच खुर्चीवर प्रदर्शन भरवलं.

भंगाराच्या दुकानात लोखंड किलोवर जातं. जुन्या बाजारात तीच खुर्ची ‘व्हिंटेज’ म्हणून नगावर विकली जाते. मधली कमाई ज्याला हा फरक कळतो त्याची. हे फक्त सावळजला झालं असंही नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली केलेल्या सागवानी खुर्च्या अडगळीत गेल्या, मातीमोल भावात लिलावात निघाल्या, आणि परदेशात त्यांना लाखोंची बोली लागली. केंद्रीय गृह मंत्रालयाने विक्रीवर बंदी आणली ती २०११ मध्ये, बराच माल बाहेर गेल्यावर.

तुमच्या माळ्यावर किंवा गोठ्यामागे अशी लोखंडी खुर्ची पडली असेल तर काम फार नाही. पॉलिश पेपरने गंज घासायचा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, तो वाळला की ऑइलपेंटचे दोन हात. खिळीत तेलाचे दोन थेंब, पायांना रबरी बुटं, म्हणजे फरशीवर डाग पडत नाहीत. मागे आजोबांचं किंवा मंडळाचं नाव असेल तर तेवढा भाग चिकटपट्टीने झाकून मग रंग मारा.