स्मृती मानधना यांची कारकीर्द आणि मराठीचा लिंगविचार

सांगलीहून उत्तरेस बुधगावकडे जाऊ लागले की वाटेत माधवनगर लागते. क्रिकेटच्या इतिहासात सांगलीचे नाव पूर्वीच येऊन गेले होते. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीस झाला, आणि १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. हजारे यांच्याविषयी मराठीत लिहिताना व्याकरणाची अडचण कोणास कधी पडली नाही. माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधना यांच्याविषयी लिहिताना मात्र ती पडते. ही अडचण नेमकी कोठे आहे आणि कोठे तिचा केवळ भास होतो, हे त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मानधना यांचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईस झाला. त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब माधवनगरास आले. वडील श्रीनिवास आणि थोरले बंधू श्रवण हे दोघेही सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. भावाचा सराव पाहता पाहता धाकट्या बहिणीने बॅट हाती घेतली. त्या जात्या उजव्या हाताच्या असूनही फलंदाजी तेवढी डाव्या हाताने करतात. वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात त्यांची निवड झाली. एप्रिल २०१३ मध्ये बांगलादेशाविरुद्ध त्या भारताकडून प्रथम खेळल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बडोद्यास, गुजरातविरुद्धच्या एकोणीस वर्षांखालील सामन्यात, त्यांनी १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या.

या द्विशतकाची बातमी मराठीत देताना स्वाभाविक वाक्य होते ते असे : ‘एकदिवसीय सामन्यात द्विशतक काढणारी पहिली भारतीय फलंदाज.’ हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

आधी ‘फलंदाज’ या शब्दाचा विचार करू. ‘गोलंदाज’ हा फारसीतून आलेला जुना शब्द. मोल्सवर्थच्या कोशातला गोलंदाज तोफ डागणारा आहे. ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा; तिरंदाज आणि बर्कंदाज ही त्याचीच भावंडे. क्रिकेट आले तेव्हा तोफगोळ्याच्या जागी चेंडू आला व शब्द सुखाने नांदू लागला. त्याच्या जोडीस, चेंडूफळीतील ‘फळी’ घेऊन, ‘फलंदाज’ घडविण्यात आला. काटेकोर अर्थ केल्यास फलंदाज म्हणजे फळी फेकून देणारा! परंतु सादृश्याने घडलेल्या शब्दांकडून असा हिशेब कोणी मागत नाही. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील समालोचनाने ही सारी परिभाषा घरोघरी पोहोचली, आणि तिच्या व्युत्पत्तीचा प्रश्न विद्यापीठापुरताच उरला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, फारसीत व्याकरणिक लिंग नाही. त्यामुळे ‘-अंदाज’ने संपणारा शब्द मराठीत आला तो पुरुषवाचक प्रत्ययाचे ओझे न घेता. ‘तो फलंदाज’ जितके सहज तितकेच ‘ती फलंदाज’. इंग्रजीत ‘बॅट्समन’ या शब्दातला ‘मन’ अखेर डोईजड झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मेरिलिबोन क्रिकेट क्लबने खेळाच्या नियमांत ‘बॅटर’ हा शब्द योजण्याचे ठरविले. मराठीस हा खटाटोप करावाच लागला नाही. यात मराठी समाजाच्या उदारपणाचा भाग काही नाही. तो एका उसन्या प्रत्ययाचा योगायोग आहे. संस्कृतावरून घडविलेल्या शब्दांना हे भाग्य लाभले नाही. ‘यष्टिरक्षक’, ‘क्षेत्ररक्षक’ यांची ‘-इका’युक्त रूपे नियमाने सिद्ध होतात, पण जिभेवर बसत नाहीत. ‘सलामीवीर’ आणि ‘सामनावीर’ या शब्दांतील ‘वीर’ तसाच राहतो व लिंगाची जबाबदारी क्रियापदावर पडते : ‘ती सामनावीर ठरली.’

‘गडी’ या शब्दाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडमधील वर्म्सली येथे मानधना आपला पहिला कसोटी सामना खेळल्या. २२ आणि ५१ अशा त्यांच्या धावा झाल्या व भारताने सामना जिंकला. कसा जिंकला? सहा गडी राखून. अकरा स्त्रियांनी अकरा स्त्रियांविरुद्ध सहा गडी राखले, आणि ही भाषा कोणास खटकत नाही! ‘गडी’चे स्त्रीलिंगी रूप मराठीत नव्हते असेही नाही, खेळातली सखी या अर्थी ‘गडणी’ जुन्या मराठीत आहे. परंतु धावफलकावरचा गडी आता माणूस राहिलेला नाही, तो मोजण्याचे एकक झाला आहे. शब्दाचा अर्थ असा झिजला की त्याचे लिंगही केवळ औपचारिक उरते. तेथे ‘गडणी’ आणण्याचा आग्रह प्रस्तुत लेखक धरणार नाही.

आता क्रियापदाकडे वळू. फेब्रुवारी २०१६ मध्ये होबार्ट येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मानधना यांनी १०२ धावा करून आपले पहिले आंतरराष्ट्रीय एकदिवसीय शतक पुरे केले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत खेळताना त्यांच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. विश्वचषकास पाच महिने उरले होते. त्या वेळेत सावरून त्या उभ्या राहिल्या, डर्बी येथे इंग्लंडविरुद्ध ९० व टाँटन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा त्यांनी केल्या. त्यानंतर मात्र धावा आटल्या. २३ जुलैच्या लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात त्या शून्यावर बाद झाल्या, आणि भारत नऊ धावांनी हरला.

या घटना वृत्तपत्री एकेरीत मांडून पाहाव्यात. (या पत्रिकेच्या रिवाजाप्रमाणे येथे आदरार्थी रूपे वापरली आहेत, क्रीडापृष्ठ मात्र स्त्रीपुरुष दोघांसही सारख्याच जवळिकीने एकेरीत संबोधते.) ‘तिने शतक ठोकले’, ‘त्याने शतक ठोकले’ : क्रियापद एकच. प्रयोग कर्मणी, सकर्मक धातूचा भूतकाळ. क्रियापद शतकाच्या नपुंसकलिंगाप्रमाणे चालते, कर्त्याकडे पाहतही नाही. ‘झेल घेतला’, ‘धावा काढल्या’ यांचेही तेच. परंतु ‘ती बाद झाली’, ‘तो बाद झाला’ येथे प्रयोग कर्तरी आहे, आणि कर्त्याचे लिंग क्रियापदात उमटलेच पाहिजे. म्हणजे पराक्रम सांगताना मराठीचे क्रियापद स्त्रीपुरुष भेद करीत नाही; बाद होताना, जखमी होताना, परतताना करते. यावरून घाईने सामाजिक निष्कर्ष काढण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा. हा भेद सकर्मक-अकर्मकाचा आहे, स्तुतिनिंदेचा नाही. शिवाय ‘खेळणे’ हा धातूच अपवाद आहे. ‘बोलणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ यांप्रमाणे तो कर्म घेऊनही भूतकाळी कर्तरी राहतो : ‘ती अप्रतिम डाव खेळली.’ ‘जिंकणे’ तर दोन्हीकडे : ‘तिने सामना जिंकला’ आणि ‘ती सामना जिंकली’ ही दोन्ही वाक्ये कानावर येतात.

खरी अडचण याहून वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती २० सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत उघड झाली. ऑस्ट्रेलियाने ४१२ धावा उभारल्या होत्या. उत्तरादाखल मानधना यांनी ५० चेंडूंत शतक गाठले व ६३ चेंडूंत १२५ धावा केल्या. भारत ४३ धावांनी हरला, तरी शतकाचा विक्रम राहिला. भारताच्या कोणत्याही खेळाडूने, पुरुष असो वा स्त्री, आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात तोवर काढलेले ते सर्वांत जलद शतक होते. विराट कोहली यांचे जयपूर येथील २०१३ मधील शतक ५२ चेंडूंतील होते.

हे मराठीत कसे सांगावे? ‘सर्वांत जलद शतक काढणारी भारतीय फलंदाज’ असे म्हणताच ऐकणारा तुलना स्त्रियांपुरतीच समजतो. स्त्रीलिंगी धातुसाधित स्पर्धेचे मैदान निम्मे करून टाकते. ‘काढणारा भारतीय फलंदाज’ म्हणावे तर वाक्य खोटे. आता बडोद्याच्या द्विशतकाचे वाक्य आठवावे. ‘द्विशतक काढणारी पहिली भारतीय फलंदाज’ येथे हे आकुंचन आवश्यकच होते, कारण पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात सचिन तेंडुलकर यांनी २०१० मध्येच द्विशतक केले होते. एकाच घाटाचे वाक्य २०१३ मध्ये न्यायाचे होते, तेच २०२५ मध्ये अन्यायाचे झाले. प्राग संप्रदायातील रोमान याकोबसन यांनी मांडलेला चिन्हित व अचिन्हित रूपांचा भेद येथे उपयोगी पडतो. पुल्लिंगी रूप अचिन्हित, म्हणून ते प्रसंगी सर्वांस कवेत घेते. स्त्रीलिंगी रूप चिन्हित, ते आपल्या कुंपणाबाहेर जाऊ शकत नाही.

विभक्तीचा आश्रय घेतला तर? ‘भारतीय फलंदाजाने काढलेले सर्वांत जलद शतक मानधना यांचे’ हे वाक्य अर्थाने बिनचूक आहे, कारण त्यात मोजणी शतकांची होते, माणसांची नव्हे. मात्र त्यासाठी ‘फलंदाजाने’ हे पुल्लिंगी सामान्यरूप पत्करावे लागते. ‘ती फलंदाज’ प्रथमेत जेवढी निर्वेध, तेवढी तृतीयेत नाही. ‘भिंत-भिंतीने’प्रमाणे ‘फलंदाजीने’ करू जावे, तर तो ‘फलंदाजी’ या भाववाचक नामाशी गोंधळ. ‘विटेने’प्रमाणे ‘फलंदाजेने’ कोणी म्हणत नाही. व्यवहारात ‘फलंदाजाने’ दोन्ही लिंगांसाठी रुळू लागले आहे. तेच शिष्ट मानावे, असे आमचे मत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय नियामक मंडळाने सामन्याचे मानधन स्त्रीपुरुष खेळाडूंस समान केले. एका सामान्यरूपाबाबत व्याकरणाने त्याहून कृपण असण्याचे कारण दिसत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. उपकर्णधार मानधना यांनी अंतिम सामन्यात ४५ आणि स्पर्धेत एकूण ४३४ धावा केल्या. त्यानंतर काही दिवसांनी माधवनगरात एका बोळात मुले खेळत होती. फलंदाजी करणारा मुलगा आठ-नऊ वर्षांचा, आणि डावखुरा. चेंडू भिंतीस लागलेल्या फळकुटावर आदळला तशी बाकीची पोरे एकदम ओरडली, ‘स्मृती आउट झाला रे!’ तो मुलगा हुज्जत घालीत राहिला, पण ती चेंडू नोबॉल होता की नाही याविषयी, क्रियापदाविषयी नव्हे. प्रस्तुत लेखकाने ते वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले आहे.