टोमॅटो वाहणाऱ्या गाडीचे ब्रेक

भंगारातून आणलेल्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा पिस्टन गंजून बसला असेल तर तो हातोडीनं निघत नाही, हवेनं निघतो. कॅलिपरच्या जबड्यात बाभळीचा ठोकळा धरायचा, ब्रेक ऑइल येतं त्या भोकाला कॉम्प्रेसरची नळी टेकवायची आणि अगदी थोडी हवा सोडायची. आधी काहीच होत नाही. मग चहासारखं काळपट जुनं ऑइल कडेनं पाझरायला लागतं आणि एकदम धप्पकन पिस्टन ठोकळ्यावर आदळतो. ठोकळ्याच्या जागी बोट असतं तर त्याचा चेंदा झाला असता. पिंपळगाव बसवंतच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी मला हे दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्या वेळी नळी माझ्या हातात दिली.

कॅलिपर बोलेरोचा होता आणि बसवायचा होता माझ्या जुन्या एमएम 540 जीपला. पावसाळ्यात घाटवाटांवर, ओढ्यानाल्यांतून हौसेनं चालवायची ही गाडी. तिला पळायला लावणं फार अवघड नव्हतं. थांबायला लावणं हे खरं काम होतं, आणि खिशाला परवडेल अशा पैशांत करायचं तर भंगारबाजाराशिवाय मार्ग नव्हता.

पिंपळगावात ब्रेकचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या रस्त्याला पिकअपची रांग लागते. वीस-वीस किलोचे क्रेट थरावर थर रचलेले, मागची पाटी टेकलेली, पुढचं तोंड वर उचललेलं. द्राक्षाच्या दिवसांत तेच पिकअप पेट्या भरून उभे असतात. गाव मुंबई-आग्रा महामार्गावर. उत्तरेला चांदवडच्या पुढे राहूड घाट लागतो, मुंबईकडे निघालं की कसारा घाट. या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला जळक्या लायनरचा वास डोळे मिटूनही ओळखता येतो. कांदा करपल्यासारखा, पण त्याहून तिखट.

हा वास म्हणजे गाडीचा वेग उष्णता होऊन बाहेर पडत असतो. ब्रेक वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो आणि ती लोखंडात साठवून वाऱ्यावर सोडतो. हिशेब शाळेतलाच आहे. माल भरलेली तीन टनांची पिकअप ताशी 60 किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे 4 लाख 17 हजार ज्यूल उष्णता तयार होते. वेग दुप्पट केला की उष्णता चौपट. आणि घाटाचं गणित तर याहून कठीण आहे. उंची शंभर मीटरनं कमी होईपर्यंत वेग न वाढू देता केवळ ब्रेकवर गाडी उतरवली, तर 60 वरून सात वेळा पूर्ण थांबवल्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते. गाडी हलकी असो वा जड, हा सातचा आकडा बदलत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर उतारावर गिअर खाली टाकतात आणि इंजिनाला गाडी धरायला लावतात.

हाच उष्णतेचा प्रश्न घेऊन आता एका स्पोर्ट्स कारकडे पाहू. डॅटसन 240 झेड ही 1969 मध्ये आलेली जपानी दोन आसनी गाडी. सहा सिलिंडरचं 2.4 लिटरचं इंजिन, वजन जेमतेम हजार-साडेदहाशे किलो. पळायला उत्तम, पण पुढच्या कॅलिपरला दोनच पिस्टन. शर्यतीच्या रस्त्यावर वारंवार दाबले की ते थकत. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी यावर जो इलाज शोधला तो मला फार आवडतो. 1979 ते 85 च्या काळातल्या टोयोटाच्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर भंगारातून काढले, तर ते धूळ अडवणारा पत्रा थोडा कापून 240 झेडच्या मूळ जागी बोल्टनं बसतात. म्हणजे शेतमाल ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक स्पोर्ट्स कारला.

पिंपळगावच्या माणसाला यात नवल वाटू नये. भरलेली पिकअप उतारावर थांबवण्यासाठी घडवलेलं लोखंड हलक्या गाडीला मिळालं तर ते सहज पेलतं. हजार किलोची गाडी 100 वरून थांबवताना 3 लाख 86 हजार ज्यूल निघतात. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर धरला आणि प्रत्येक डिस्क साडेचार किलोची धरली, तर एका थांबण्यात त्या साधारण 65 अंशांनी तापतात. डिस्क जाड आणि जड असली की हाच आकडा खाली येतो. हे बळ वाढवण्याचं काम नाही, उष्णतेला जागा देण्याचं काम आहे. चाक जाम करण्याइतका जोर तर पायाच्या ब्रेकमध्ये बहुधा आधीपासूनच असतो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 मध्ये पेटंट घेतलं होतं. पण ती हाताशी आली विमानांमुळे. डनलॉपनं विमानांसाठी केलेले डिस्क ब्रेक जग्वारनं शर्यतीच्या गाडीला लावले आणि 1953 मध्ये ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. आमच्या शेजारच्या ओझरला 1964 पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. तिथल्या मिग-21 ला उतरताना थांबवायला शेपटीतून पॅराशूट सोडावं लागे, हे लहानपणी ऐकलं तेव्हा थांबणं ही किती मोठी गोष्ट आहे ते मला पहिल्यांदा जाणवलं.

माझ्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नव्हता. महिंद्रानं 1947 मध्ये जीपची जोडणी सुरू केली त्या विलीजच्या वंशातलीच ती. ड्रमचा दोष त्याच्या आकारातच आहे. लायनर आतून बाहेर दाबले जातात, आणि तापला की ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो. पेडल खाली खाली जातं. डिस्क तापून फुगली तर पॅडकडेच येते. शिवाय ओढा पार केला की ड्रममध्ये पाणी आणि गाळ साचतो, आणि पुढचे काही क्षण पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. डिस्क उघडी असते, दोन फेऱ्यांत पाणी झटकून टाकते.

बोलेरोचेच भाग का, याला कारण साधं. ती 2000 साली आली, पुढे डिस्क घेऊन आली, नाशिकच्या कारखान्यात बनली आणि आपल्या भागात इतकी चालली की तिचा जुना माल कुठेही मिळतो. भंगारवाल्याकडे एक रीत आहे. चालू माल नगावर, बंद माल किलोवर. कॅलिपरचा पिस्टन अडकला असेल तर तो बंद माल म्हणून मागायचा. पण त्याआधी रबरी बूट बाजूला करून पिस्टनवर नख फिरवून पाहायचं. नख अडकलं म्हणजे गंजानं खड्डा पाडला आहे. असा पिस्टन घ्यायचा नाही. डिस्कवर किमान जाडीचा आकडा ओतीवातच असतो. कॅलिपर गेजनं मोजून जाडी त्याच्या जवळ आली असेल तर ती डिस्क फुकट दिली तरी परत ठेवायची.

"भाऊ, लोखंड जुनं आणा. रबर जुनं आणलं तर मी हात लावणार नाही," असं मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. या वाक्यात सगळं बजेट आलं. कॅलिपरचा सांगाडा, बूस्टर हे जुनं चालतं. सील, बूट, होस पाइप, पॅड, ऑइल आणि कॅलिपरचे बोल्ट नवे. याचं कारण कॅलिपर उघडल्यावर दिसतं. पिस्टनभोवती खाचेत एक चौकोनी काटाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ती रिंग किंचित पिळली जाते. पाय उचलला की रिंग आपला पीळ सोडवते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, ही रिंगच स्प्रिंग असते. कडक झालेली रिंग गळत नसली तरी मागे ओढत नाही, आणि पॅड डिस्कवर घासत राहतात.

जीपच्या नकलवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या भागावर, बोलेरोचा कॅलिपर थेट बसत नाही, मधे पट्टी लागते. आधी पुठ्ठ्याची कापली, चाक लावून फिरवून पाहिली, रिमला कॅलिपर घासत नाही याची खात्री केली, मग लेथवाल्याकडून जाड प्लेटची करून घेतली. डिस्क बसण्यासाठी हबही टर्न करून घेतला. डिस्कच्या दोन्ही बाजूंना कॅलिपरचं अंतर सारखं यावं म्हणून पातळ वॉशर लावले. बोल्ट डोक्यावर 10.9 लिहिलेलेच. नकलवर वेल्डिंग करायचं नाही, यावर मिस्त्री ठाम होते आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. नकल तुटली तर ब्रेकच काय, चाकही जातं.

इथपर्यंत सगळं बरोबर केलं आणि मग मी पैसे वाचवायला गेलो. पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर ड्रमचाच जुना ठेवला. गावात फिरताना काही जाणवलं नाही. चांदवडहून परतताना वडाळीभोईच्या अलीकडे गाडी जड वाटू लागली, मग तो ओळखीचा करपट वास आला. उतरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही चाकांतून झळ येत होती, थुंकी टाकली तर चर्र झाली असती. रस्त्याच्या कडेला तासभर बसलो. कारण मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढला तरी तो लाइनमध्ये दहाएक पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप सैल पडत नाहीत. ड्रमला त्यामुळे काही होत नाही, कारण तिथे स्प्रिंगा लायनर मागे ओढतात. डिस्कला तेवढा दाबही पॅड टेकवून ठेवायला पुरतो. मी वीस किलोमीटर ब्रेक लावूनच चालवत होतो.

मग बोलेरोचा बूस्टर आणि मास्टर दोन्ही आणले. बूस्टर लागतोच. ड्रमचे लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःहून ओढले जातात आणि पायाला मदत करतात. डिस्कला ही मदत नसते, म्हणून पेडल दगडासारखं लागतं. बूस्टरला व्हॅक्यूम हवा, आणि डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो पेट्रोलसारखा मिळत नाही. म्हणून आपल्याकडच्या डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो. तसा अल्टरनेटर शोधायला आणखी दोन भंगारबाजार पालथे घातले.

मास्टरचा बोअर हाही नेमका हवा. 240 झेडला मोठे कॅलिपर लावणारे मास्टर 22.2 मिलिमीटरचा काढून 23.8 चा घालतात. दीडेक मिलिमीटरचाच फरक दिसतो, पण क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी वाढतं. कॅलिपर मोठा आणि मास्टर लहान राहिला तर पेडल लांब जातं. मास्टर गरजेपेक्षा मोठा झाला तर पेडल कडक होतं आणि पायाचा जोर वाया जातो. आणि पुढे इतकं सगळं केल्यावर मागचं चाक विसरायचं नाही. मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी जाम झाले तर गाडी शेपूट फिरवते. माझ्या मते या कामात सर्वांत जास्त माणसं इथंच चुकतात, कारण चाकातून चमकणारा कॅलिपर दिसतो आणि तोल दिसत नाही. आम्ही मोकळ्या मैदानात, ओल्या मातीवर, वीसच्या वेगानं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पुढची चाकं आधी थांबली पाहिजेत, मागची किंचित नंतर. तसं होईपर्यंत मागच्या लाइनवरचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा फिरवत होतो.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्याला आळा घालतं आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अधिक स्पष्ट केलं. सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावं. त्यात कमीपणा नाही, समोरून येणाऱ्या माणसाचाही त्यात जीव आहे.

शेवटी हवा काढायची. जोडणी केल्यावर पाइपात हवा राहते, आणि हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं. मास्टरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं चाक आधी. मी आत बसलो, मिस्त्री चाकाखाली. "मारा, मारा, मारा... धरा." पाय दाबून धरायचा, ते निप्पल सैल करणार, पाय हळूहळू खाली जाणार, निप्पल बंद झाल्याशिवाय उचलायचा नाही. पारदर्शक नळीतून आधी दुधासारखे बुडबुडे आले, मग एकेक, मग नुसतं पिवळसर ऑइल. डॉट 4 घातलं. नवं असताना ते 230 अंशांच्या आत उकळत नाही, पण हवेतला ओलावा पिऊन पिऊन 155 पर्यंत घसरतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं अशी तारीख बॉनेटच्या आत खडूनं लिहिली. चारही चाकं झाल्यावर पेडल अर्ध्यावरच कडक थांबलं. मिस्त्री हात पुसत आले, एकदा स्वतः दाबून पाहिलं आणि काही न बोलता पान्याची पेटी आवरायला लागले.

पाचशे किलोमीटरनंतर चाकं उघडून पाहिली. बोल्टवर मारलेली रंगाची रेघ जागची हललेली नव्हती. उजवे पॅड सारखे झिजले होते. डावीकडचा आतला पॅड मात्र बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्ला होता, कारण कॅलिपर सरकतो ती पिन कोरडी पडली होती. पिन काढून साफ केली, ग्रीस लावलं आणि बूट पुन्हा चढवला.