कचेरीची वाट आणि सायकल

पुणें ही एके काळीं सायकलींची नगरी म्हणून सर्वत्र प्रसिद्ध होती. कारकून, शिक्षक, प्राध्यापक, कारखान्यांतील कामगार असे सर्व दर्जांचे लोक सायकलीवरून कामास जात. आज तेथील रस्ते स्कूटर आणि मोटारींनीं भरून गेले आहेत, आणि घरांतील वडील माणसें संध्याकाळीं मुलगा-सून सुखरूप परत येईपर्यंत घड्याळाकडे पाहत बसतात. सायकल मागें पडली याचा दोष आपण तरुणांच्या आळसाकडे देतों. आमच्या मतें त्याचा मोठा वाटा मालकवर्गाकडे जातो. नोकर कामावर कसा येतो, हें त्याच्या इच्छेइतकेंच मालकानें ठेवलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतें.

आपल्या सरकारचेंच उदाहरण पहा. केंद्र सरकारच्या नोकरांस सायकल घेण्यासाठीं बिनव्याजी उचल मिळत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ सालीं ती बंद झाली. सायकल-भत्ताही रद्द करावा असें आयोगाचें मत होतें. परंतु पोस्टमन व रेल्वेचे रूळ राखणारे कामगार यांची गरज ध्यानांत घेऊन सरकारनें २०१७ सालीं तो कायम ठेविला व दरमहा ९० रुपयांचा १८० रुपये केला. हा निर्णय न्याय्यच होता. परंतु त्यांतून आपली समजूतही उघड होते. ज्यास दुसरें साधन नाहीं त्याचें वाहन म्हणजे सायकल! वरच्या हुद्द्याच्या मनुष्यास मोटार ठेवावयास जागा आणि पेट्रोलचा खर्च मिळतो. सायकलीवरून आल्यास मात्र देवडीवरचा पहारेकरीही त्यास अडवितो.

योगायोग असा कीं, त्याच २०१६ सालीं फ्रान्समध्यें खासगी मालकांनीं सायकलीवरून येणाऱ्या नोकरांस दर किलोमीटरला २५ सेंट द्यावे व वर्षाला २०० युरोपर्यंत त्यावर कर पडूं नये, अशी सवलत सुरू झाली. २०२० सालीं तिच्या जागीं अधिक व्यापक योजना आली. इंग्लंडांत १९९९ च्या कायद्यानें निराळी युक्ति काढली. मालक सायकल विकत घेऊन नोकरास वापरावयास देतो, व तिचे हप्ते कर कापण्यापूर्वींच्या पगारांतून वळते करून घेतो. त्यामुळें नोकराचा कर वांचतो. आपण जी उचल बंद केली, तिचेंच हें सुधारलेलें रूप नव्हे काय?

मालकास यांत काय लाभ, असा प्रश्न कोणी करील. हॉलंडमधील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, सायकलीवरून येणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षां वर्षाकांठीं एका दिवसाहून अधिक कमी आढळल्या. २०१७ सालीं ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासांत, सायकलीवरून कामास जाणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण सुमारें ४१ टक्के कमी दिसलें. सर्व श्रेय एकट्या सायकलीचेंच, असें यावरून सिद्ध होत नाहीं. तरी हा आंकडा दुर्लक्ष करण्यासारखा खासच नाहीं.

मग मालकानें करावें काय? प्रथम जागा द्यावी. एका मोटारीच्या जागेंत सात-आठ सायकली सहज राहतात. ती जागा दाराजवळ, छपराखालीं व पहाऱ्याच्या नजरेंत असावी. आपल्या उन्हापावसांत घामानें वा पाण्यानें भिजून आलेल्यास हातपाय धुवून कपडे बदलण्यास खोली हवी, व स्त्रियांसाठीं ती स्वतंत्र हवी. महिन्यांतून एकदां सायकल-दुरुस्तीवाला कचेरींत बोलवावा. रस्त्यावरील गर्दी टळेल इतकी सवड येण्याजाण्याच्या वेळेंत द्यावी, आणि ज्यांस काळोखापूर्वीं घरीं पोंचावयाचें आहे त्यांची अडवणूक करूं नये. पेट्रोलचा खर्च देतां येतो, तर सायकलीचा किलोमीटरमागें भत्ता देण्यास कोणती हरकत आहे?

परंतु सक्ति कदापि नसावी. ज्या रस्त्यावर जीव मुठींत धरून जावें लागतें, तेथें नोकरास सायकल घे म्हणणें हा अन्याय होय. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकलींसाठीं सविस्तर आराखडा मंजूर केला. तसे मार्ग अखंड व निर्धोक व्हावे म्हणून मोठ्या कचेऱ्यांनीं एकत्र येऊन मागणी केली, तर एकट्यादुकट्या नागरिकाच्या अर्जापेक्षां तिचें वजन निश्चित अधिक पडेल.

आमच्या वाचकांत कचेऱ्यांचे प्रमुख, कारखानदार, शाळांचे चालक पुष्कळ आहेत. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, भत्त्याचा हिशेब करण्यापूर्वीं आठवड्यांतून एक दिवस त्यांनीं स्वतः सायकलीवरून कचेरींत जावें. वाटेंतला खड्डा, नसलेलें छप्पर आणि पहारेकऱ्याचा तो प्रश्न हीं तिन्ही त्यांस एकाच सकाळीं भेटतील. आणि साहेबांची सायकल दाराशीं उभी दिसली, म्हणजे हाताखालच्या माणसास आपल्या सायकलीची लाज वाटण्याचें कारणच उरणार नाहीं.