घरची मोठी पवनचक्की वीजतारेला जोडायची झाल्यास



गळीत हंगाम आटोपला, की बैठकीतल्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर एवढाल्या पवनचक्क्या फिरतात. आपल्याकडे वेल्डिंग येणारी पोरं आहेत, जुनी मोटर आहे, गिअरपेटी भंगारात मिळते. मग आपणच एक चक्की उभारून तारेला का जोडू नये? कोकणात ज्यांचे सोयरे आहेत ते तर सरळ चिरनेरच्या डोंगराकडे बोट दाखवतात. समुद्र जवळ, वारा फुकट!

विचार वेडगळ नाही. असे काम झालेले आहे. डेन्मार्क देशात उल्फबोर्ग गावाजवळ ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी १९७५ साली पवनचक्की बांधायला घेतली आणि १९७८ च्या मार्चमध्ये ती फिरू लागली. मनोरा ५३ मीटर, चाकाचा व्यास ५४ मीटर. जनित्र स्वीडनमधील कागद गिरणीतले जुने. फायबरग्लासची पाती त्यांनी जागेवरच घडवली. पैसा शिक्षकांनी आपले पगार एकत्र करून उभा केला. ती चक्की वीजतारेला जोडली गेली आणि पुढे दशकानुदशके चालली. त्याच सुमारास त्याच देशात रिसागर नावाच्या सुताराने आपल्या परसात २२ किलोवॅटची चक्की उभी करून तारेला जोडली.

पण ट्विंडच्या मंडळींनी सगळे स्वतःच्या डोक्याने केले, असे कोणी समजू नये. पात्यांचा आराखडा आणि विजेची जोडणी यासाठी त्यांनी जाणकार अभियंते व प्राध्यापक यांचा सल्ला घेतला होता. चक्की बांधली २ मेगावॅटच्या हिशेबाने, चालवली मात्र त्याहून बऱ्याच कमी शक्तीवर. ही सबुरी ध्यानात घ्यावी.

आता हिशेब बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातली ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. दहा मीटर व्यासाचे चाक धरू. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर त्या चाकावरून जाणाऱ्या हवेत सुमारे ६ किलोवॅट शक्ती असते. ती सगळी पदरात पडत नाही. निसर्गनियमानेच ५९ टक्क्यांच्या वर कोणालाही घेता येत नाही, आणि घरगुती बांधणीत तीस टक्के मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे हाती पावणेदोन-दोन किलोवॅट. त्यावर तीन अश्वशक्तीची मोटरसुद्धा धड चालायची नाही. तोच वारा १० मीटर झाला, की १४ किलोवॅट मिळतात. पाच अश्वशक्तीच्या तीन मोटरी आरामात. आणि वारा २० मीटर झाला तर? त्याच चाकावर पावणेचारशे किलोवॅट येऊन आदळतात. जनित्र मात्र तेच, पंधरा किलोवॅटचे.

जोडणीचे तत्त्व आपल्या सभासदांना कठीण वाटू नये. कारखान्यात टर्बाइनचे हजारो फेरे गिअरपेटीने उतरवून मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेऱ्यांनी फिरवतात. पवनचक्कीत नेमके उलटे. चाक मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेते, ते वाढवून पंधराशेवर न्यायचे. आपल्या विहिरीवरची थ्री फेज इंडक्शन मोटर तारेवर १४४० च्या आसपास फिरते. तीच बाहेरून जोर लावून पंधराशेच्या वर, म्हणजे १५४०-१५५० पर्यंत फिरवली, की ती वीज खाण्याऐवजी तारेत वीज ढकलू लागते. तार तिला पन्नास आवर्तनांच्या चालीत बांधून ठेवते. वाऱ्याची ओढ मोटरीच्या ताकदीबाहेर जात नाही तोवर तारेचा लगाम असेपर्यंत चाक फारसे उधळत नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. लगाम सुटला तर? आपल्याकडे पहिल्या वादळी पावसाला लाइट जाते, हे काय सांगायला हवे? ज्या क्षणी तार मरते, त्या क्षणी जनित्राचा भार शून्य होतो आणि मोकळे चाक काही सेकंदांत बेफाम होते. पाती तुटून उडतात ती अशीच. म्हणून ब्रेक असा हवा की तो लावायला वीज लागू नये; वीज असेपर्यंतच उघडा राहावा आणि वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने आपोआप बसावा. उसाच्या यार्डातील क्रेनचा ब्रेक याच जातीचा असतो. पण एकच ब्रेक पुरेसा नाही. डेन्मार्कच्या योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅटची चक्की उभारली, तिच्या पात्यांची टोके वेग वाढला की आपसूक वळून वाऱ्याला आडवी येत. चाकाचा वेग मोडणारी अशी दुसरी, स्वतंत्र सोय हवीच.

दुसरा धोका लाइनमनचा. मोटरीला कपॅसिटर असतील तर तार मेल्यावरही ती स्वतःच्या बळावर वीज करत राहू शकते. खांबावर चढलेल्या माणसाला लाइन बंद आहे असे वाटते आणि खालून आपली चक्की तीत वीज सोडत असते. तेव्हा दाब आणि आवर्तने बिघडताच चक्की तारेपासून तोडणारे संरक्षण बसवणे, महावितरणची लेखी परवानगी आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी याला पर्याय नाही. चोरून जोडणाऱ्याच्या हातून माणूस मरेल.

चिरनेरचे म्हणाल, तर १९३० च्या जंगल सत्याग्रहाने गाजलेले ते आक्कादेवीचे रान. झाडीने व चढउताराने वारा फाटतो, भोवरे होतात आणि पाती लवकर थकतात. मनोरा झाडांच्या शेंड्यांहून बराच उंच न्यावा लागेल. शिवाय ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर होता, म्हणजे सेकंदाला तीस मीटर. तेथे मनोऱ्याचा पाया त्याच वाऱ्याच्या हिशेबाने घालावा लागेल, रोजच्या वाऱ्याच्या नव्हे.

राहिला पैसा. आपल्याकडे जोराचा वारा जून ते सप्टेंबर, आणि उसाला पाण्याची ओढ एप्रिल-मे मध्ये. चार महिन्यांची वीज बॅटरीत साठवणे परवडत नाही, म्हणूनच तर तार हवी. पण २०२४ साली शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बिलमाफी आणली. बिलच नाही तर वजावट कशातून मिळवणार? घर, गोठा, पिठाची गिरणी यांच्या मीटरवरच फायदा. आमच्या मते एकट्याने दहा मीटरचे चाक उभारण्यात अर्थ नाही. सामाईक काम मात्र विचार करण्याजोगे आहे, कारण बगॅसवरची सहवीज गळीत हंगामात होते आणि वारा गाळप बंद असताना येतो. कोपनहेगनजवळ मिडलग्रुंडेन येथे २००० साली समुद्रात २० चक्क्या उभ्या राहिल्या, त्यातल्या निम्म्या हजारो भागधारकांच्या सहकारी संस्थेने आपल्या शेअर्सवर उभारल्या. शेअर म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तोवर ज्यांना हौस आहे त्यांनी लोखंड विकत घेण्याआधी वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र घ्यावे. दहा आणि वीस मीटर अशा दोन उंचींवर ते बसवावे आणि पुरे वर्षभर, पावसाळ्यासह, नोंदी ठेवाव्यात. वरच्या उंचीवर वर्षाची सरासरी सेकंदाला पाच मीटरच्या खाली आली, तर विषय तिथेच थांबवावा.