कडब्यातली साखर

सुगीच्या दिवसांत ज्वारीच्या शेतात गेलात तर एक वाटणी तुम्हांला उघड्या डोळ्यांनी दिसेल. कणसे खुडून खळ्यावर जातात, ती माणसांची. उरलेली ताटे वाळवून त्यांच्या पेंड्या बांधतात, तो कडबा, तो गुरांचा. कितीही टंचाई पडली तरी कडबा शिजवून माणसाने पोट भरले, असे झालेले नाही. एकाच ताटाच्या शेंड्याला आलेला दाणा आपले अन्न, आणि ते ताट मात्र आपल्याला लाकडासारखे. असे का बरे व्हावे?

'ताटात पोषक असे काही नसेल', हे उत्तर पटकन सुचते, पण ते चूक आहे. ज्वारीच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च, म्हणजे पिष्ट असते. वाळलेल्या ताटात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सेल्युलोज असते. हे दोन्ही कार्बनचे, म्हणजे सेंद्रिय, रेणू. दोन्ही एकाच साखरेचे बनलेले, आणि ती साखर म्हणजे ग्लुकोज. (हिरवे ताट चघळले तर थोडी गोडी लागते, ती रसातल्या सुट्या साखरेची. ती वेगळी, तिचा येथे विचार नाही.) म्हणजे कडब्याची पेंडी ही एका अर्थाने साखरेची पेंडी आहे. फक्त त्या साखरेला कुलूप लागलेले आहे.

त्या कुलपाकडे माझे लक्ष एका विद्यार्थिनीने वेधले. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी आयोडीनची कसोटी घरी करून आणायला सांगितली होती. पद्धत तुम्हांला ठाऊक असेलच. स्टार्च असलेल्या पदार्थावर आयोडीनचा पातळ द्रव टाकला की गर्द निळा, जवळजवळ काळा रंग येतो. भात, बटाटा, साबुदाणा, कणीक या साऱ्यांवर रंग यावा, आणि कापसावर येऊ नये, अशी माझी अपेक्षा होती. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. या मुलीने मात्र वहीत लिहिले, 'सुती कापड : निळे झाले.' मी लाल शाईने शेरा मारला, 'प्रयोग चुकला.'

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं की दोघांचं सूत्र एकच आहे. मग कापड निळं झालं तर चुकलं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. एकापुढे एक ग्लुकोज जोडताना प्रत्येक सांध्याला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि साखळीतल्या प्रत्येक दुव्यात ६ कार्बन, १० हायड्रोजन, ५ ऑक्सिजन उरतात. हे स्टार्चचे सूत्र. आणि सेल्युलोजचेही अक्षरशः हेच. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमधून हा पदार्थ वेगळा काढून १८३८ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यालाही हेच आढळले होते, की घटकांचे प्रमाण स्टार्चचेच, गुणधर्म मात्र निराळे. तेव्हा केवळ सूत्रावर विसंबून राहिले तर या मुलीच्या प्रश्नाला उत्तर नाही. माझ्यापाशीही त्या सुट्टीत नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर आहे सांध्यात. सहा कोपऱ्यांच्या कड्यासारखा ग्लुकोजचा रेणू डोळ्यांसमोर आणा. एका कड्याचा पहिला कार्बन पुढच्या कड्याच्या चौथ्या कार्बनला ऑक्सिजनच्या अणूने जोडलेला असतो. मात्र पहिल्या कार्बनपासून हा सांधा कड्याच्या खालच्या अंगाने निघू शकतो किंवा वरच्या अंगाने. खालून निघाला तर त्याला अल्फा म्हणतात, वरून निघाला तर बीटा. स्टार्चमध्ये सारे सांधे अल्फा, सेल्युलोजमध्ये सारे बीटा. एवढ्याने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. मैदानावर जाऊन पाहा.

वीसएक मुलांनी हात धरून एका ओळीत उभे राहावे. आता प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याच्या मानाने थोडेसे डावीकडे वळावे. ओळ आपोआप वळत जाईल आणि तिचे कडे होईल. पुन्हा ओळ करा. या वेळी एकाने डावीकडे वळावे, दुसऱ्याने तेवढेच उजवीकडे, तिसऱ्याने पुन्हा डावीकडे. ओळ थोडी नागमोडी दिसेल, पण सरळच राहील. स्टार्चच्या साखळीत प्रत्येक सांध्याचे वळण एकाच दिशेचे असते. ती वळणे साठत जातात आणि स्प्रिंगसारखे वेटोळे तयार होते. सुमारे सहा ग्लुकोजमागे एक फेरा. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचे कडे मागच्याच्या मानाने उलटे बसलेले असते. वळणे एकमेकांना खोडून काढतात आणि हजारो ग्लुकोजची साखळी सरळसोट राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि हायड्रोजन बंधांनी बांधल्या जातात, कडब्याच्या पेंडीतल्या ताटांसारख्या. म्हणून कापसाचा धागा ओढला तरी सहज तुटत नाही, आणि साबुदाणा मात्र पाण्यात फुगतो.

आता आयोडीनकडे वळू. स्टार्चवर येणारा निळा रंग १८१४ पासून माहीत आहे. आयोडीनचा शोधच मुळी १८११ चा. हा रंग ग्लुकोजमुळे येत नाही; नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात आयोडीन टाका, निळा रंग येणार नाही. वेटोळ्याच्या पोकळीत आयोडीनचे अणू रांगेने शिरून बसतात, तेव्हा तो दिसतो. सरळ साखळीत पोकळीच नाही. आयोडीन तुम्हांला पदार्थ कशाचा बनला आहे ते सांगत नाही, त्यात वेटोळे आहे की नाही ते सांगते. निळी झालेली पेज परीक्षानळीत घेऊन कढत पाण्यात धरा. वेटोळी सैल होतात आणि रंग फिका पडतो. नळी थंड होऊ द्या, रंग परत येतो. हा प्रयोग मी वर्गात दर वर्षी करते आणि दर वर्षी कोणीतरी 'पुन्हा, पुन्हा' म्हणून ओरडतेच.

मग कापड निळे का झाले? दुसऱ्या दिवशी ती मुलगी चिंधीचे दोन तुकडे घेऊन आली. चिंधी आजोबांच्या जुन्या धोतराची होती. एक तुकडा तिने जसाच्या तसा ठेवला होता, दुसरा गरम पाण्यात साबणाने तीनचार वेळा धुतला होता. पहिला निळा झाला, दुसऱ्यावर आयोडीनचा नुसता पिवळट डाग पडला. धोतराला खळ घातलेली होती! खळ म्हणजे तांदळाची किंवा साबुदाण्याची पातळ पेज, अर्थात स्टार्च. प्रयोग बरोबर होता, निरीक्षण बरोबर होते, शेरा तेवढा चुकीचा होता. तो मी तिच्यासमोर खोडला.

राहिला कुलपाचा प्रश्न. तो सोडवला एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८९४ मध्ये. त्याने ग्लुकोजला एक छोटासा गट दोन तऱ्हांनी जोडला, एकदा अल्फा आणि एकदा बीटा. यीस्टच्या अर्कातल्या विकराने, म्हणजे एंझाइमने, अल्फा सांधा तोडला, पण बीटाला ते शिवले नाही. बदामातून मिळणाऱ्या इमल्सिन नावाच्या विकराने बरोबर उलट केले. त्यावरून फिशरने म्हटले, की विकर आणि त्याचा पदार्थ हे किल्ली आणि कुलपासारखे एकमेकांत बसले पाहिजेत. जीवशास्त्राच्या पुस्तकात कुलूप-किल्लीची आकृती असते ना, ती या अल्फा-बीटाच्या फरकातून आलेली आहे.

तुमच्या तोंडात अल्फा सांध्याची किल्ली आहे. पेजेचे थोडे पाणी दोन नळ्यांत घ्या, एकीत चमचाभर लाळ मिसळा आणि दोन्ही कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा. मग आयोडीन टाका. साधी पेज निळी होईल. लाळेच्या नळीत रंग फारसा येणार नाही, कारण लाळेतल्या अमायलेजने वेटोळी तोडलेली असतात. (जुन्या पुस्तकांत याच विकराला टायलिन म्हणत.) टिंक्चर आयोडीन मिळाले नाही तर जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात मिसळून चालते. आयोडीन टाकलेला पदार्थ खायचा मात्र नाही.

बीटा सांध्याची किल्ली माणसाच्या शरीरात नाही. इतकेच काय, गाईच्या शरीरातही ती तयार होत नाही! गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या, मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात आणि किल्ली त्यांच्याकडे असते. गाय रवंथ करून कडबा बारीक करून देते, ते सेल्युलोज फोडतात. पण सुटलेली साखर ते गाईला देत नाहीत, स्वतःच आंबवून टाकतात. त्यातून निघणारी ॲसेटिक आम्लासारखी आम्ले गाय शोषून घेते आणि त्यांवर जगते. ढेकरेवाटे मिथेन वायू बाहेर पडतो तोही याच भट्टीतला. आपल्या पोटात कडब्यासारखा चोथा जवळजवळ तसाच पुढे सरकतो. तो आतड्याच्या चलनवलनाला उपयोगी पडतो, पण त्याने भूक भागत नाही.

किल्ली नसेल तर कुलूप फोडता येते. आंरी ब्राकोनो याने १८१९ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथे तागी कापडाच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून त्यांची साखर केली. गंमत अशी, की १६२ ग्रॅम सेल्युलोज पूर्ण फोडले तर १८० ग्रॅम ग्लुकोज मिळू शकते. वाढलेले १८ ग्रॅम कोठून आले, ते तुम्ही शोधा. उत्तर या लेखात वर येऊन गेले आहे. (हा प्रयोग घरी करायचा नाही. सल्फ्युरिक आम्ल कापड आणि कातडी यांत फरक करत नाही.)

घरी करायचा प्रयोग हा : वहीचा कागद, वर्तमानपत्र, चहा गाळायचा गाळणकागद आणि धुतलेला कापूस यांवर आयोडीनचा एकेक थेंब टाका. कागद लाकडाच्या सेल्युलोजचाच असतो, तरी यांतले काही निळे होतील. कोणते आणि का, ते लिहून गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. त्यांनी लाल शाईचे पेन काढले, तर आधी कागद गरम पाण्यात धुऊन पुन्हा थेंब टाकायची परवानगी मागा.