कॉस्टिक जातो कुठे? हातसाबणाची परिभाषा

हाताने केलेल्या साबणाच्या वेष्टनावर ‘रसायनविरहित’ हा शब्द हल्ली सर्रास छापलेला दिसतो, आणि तो वाचून वडी विकत घेणाऱ्याची समजूत अशी होते की कारखान्यातल्या साबणात पडणारा कॉस्टिक सोडा या वडीत पडलेलाच नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. घरगुती पद्धतीने तेलापासून घट्ट वडी करायची तर कॉस्टिक सोड्याला, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडला, पर्याय नाही. मात्र नीट मोजून केलेल्या साबणात तो शिल्लक राहत नाही, आणि या व्यवसायातली बहुतेक परिभाषा तो शिल्लक राहू नये यासाठीच घडलेली आहे.

तेलाच्या प्रत्येक रेणूत तीन मेदाम्ले ग्लिसरीनला जोडलेली असतात. कॉस्टिकच्या द्रावणाशी संयोग होताच ती सुटतात, सोडियमशी जोडली जाऊन त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. मोठ्या कारखान्यांत हे मौल्यवान ग्लिसरीन मिठाच्या पाण्याने वेगळे काढून घेतले जाते, तर हातसाबणात ते वडीतच राहते आणि ओलावा धरून ठेवते. हातसाबणाचा खरा गुण सांगायचा तर तो हा आहे, ‘रसायनविरहित’पणा नव्हे.

कोणत्या तेलाला किती कॉस्टिक लागतो हे सांगणाऱ्या आकड्याला साबणीकरणांक किंवा बोलण्यात ‘सॅप व्हॅल्यू’ म्हणतात. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, तर तेवढ्याच एरंडेल तेलाला सुमारे १२.८ ग्रॅम पुरतो. खोबरेल तेलातली मेदाम्ले प्रामुख्याने बारा कार्बनांची, आखूड असतात, एरंडेलातली अठरा कार्बनांची. त्यामुळे सारख्या वजनात खोबरेलाचे रेणू अधिक भरतात आणि कॉस्टिकही अधिक लागतो. म्हणूनच कृतीतले एक तेल संपले म्हणून त्याच मापाने दुसरे घालणे धोक्याचे असते: खोबरेलाच्या जागी एरंडेल पडले की उरलेला कॉस्टिक वडीत राहतो आणि त्वचा जाळतो. एवढ्यावर न थांबता जाणकार हिशेबापेक्षा साधारण ५ टक्के कॉस्टिक कमीच घेतात, म्हणजे तेवढे तेल साबण न होता शिल्लक राहते. याला ‘सुपरफॅट’ म्हणतात.

द्रावण करताना कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही, कारण एकदम उसळणाऱ्या उष्णतेने द्रावण अंगावर उडते. भांडे ॲल्युमिनियमचे चालत नाही. कॉस्टिक त्या धातूला खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा यांबाबत सवलत नाही.

पुढचा टप्पा ‘ट्रेस’चा. तेल आणि द्रावण एकत्र घुसळत राहिल्यावर मिश्रण कढीसारखे दाटते, आणि चमच्याने वर धरलेली धार खाली पडून पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. ती रेघ दिसली की मिश्रण साच्यात ओतायला तयार झाले असे समजतात. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले मुठेल घालणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे. ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते, आणि मिश्रण त्याहून थंड झाले तर मुठेल नुसते गोठून दाटपणा येतो. हा ‘खोटा ट्रेस’ होय. अशा वेळी साच्यात तेल आणि द्रावण पुन्हा वेगळे होण्याची भीती असते.

साच्यातून काढलेल्या वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवतात, त्याला ‘क्युअरिंग’ म्हणतात. साबणीकरण बहुतांशी पहिल्या एक-दोन दिवसांतच आटोपते. नंतरच्या आठवड्यांत पाणी उडून वडी कठीण होते, सौम्य होते आणि न्हाणीघरात लवकर विरघळत नाही. ‘मेल्ट अँड पोअर’ पद्धतीत मात्र तयार साबण वितळवून त्यात फक्त रंग-सुगंध घालतात, म्हणून वाट पाहावी लागत नाही. ती पद्धत कमी प्रतीची नाही, परंतु अशी वडी स्वतः तेलापासून केली असे सांगून विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

हातानेच केल्या जाणाऱ्या ‘बाथ बॉम्ब’ची गोष्ट त्या मानाने सोपी: खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल कोरडे दाबलेले असतात, पाण्यात पडताच त्यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड फसफसतो.

मेणबत्तीचे मात्र साबणाशी जुने नाते आहे. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने साबणाचाच अभ्यास करताना मेदाम्ले ओळखली, १८२३ मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅकबरोबर स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. चरबीच्या धुरकट, उग्र वासाच्या बत्तीपेक्षा ती कडक आणि स्वच्छ जळणारी होती. आजच्या सुगंधी मेणबत्तीच्या पेटवण्यापूर्वी येणाऱ्या वासाला ‘कोल्ड थ्रो’ आणि पेटल्यावर पसरणाऱ्या वासाला ‘हॉट थ्रो’ असे दोन शब्द वापरतात. वात बारीक असली की मेण केवळ मध्यभागी वितळून खड्डा पडतो, त्याला ‘टनेलिंग’ म्हणतात; तो टाळण्यासाठी मेणबत्ती पहिल्यांदा पेटवताना वितळलेले मेण भांड्याच्या कडेपर्यंत पोहोचेतो ती विझवू नये.